लिमिटमध्ये घेतात!

लग्नाच्या बायोडाटात 'निर्व्यसनी' हा शब्द आपल्याकडे फार वर्षांपासून आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हल्ली त्याच्या शेजारी आणखी एक वाक्य येऊन बसलं आहे. ते छापलेलं नसतं, तोंडी सांगितलं जातं. मुलीचे वडील चौकशीला गेले की मुलाचे मामा म्हणतात, "तसं व्यसन काही नाही. चार मित्रांत असला तर लिमिटमध्ये घेतो." मुलीचे वडील मान डोलावतात. त्यांना हायसंच वाटतं, कारण ते स्वतःही लिमिटमध्येच घेत असतात. मुलीला मात्र कोणी विचारत नाही की बाई, तुझं लिमिट काय?

मला या लिमिटबद्दल बोलायचं आहे. दारुड्यांबद्दल नाही. दारुड्यांबद्दल आपण स्त्री-चळवळीत भरपूर बोललो आहोत आणि ते बोलणं आवश्यकच होतं. १९७२ च्या सुमारास शहादा तालुक्यात भिल्ल बायका गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. १९९२ साली आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात, दुबगुंटा गावात साक्षरतेच्या वर्गाला बसणाऱ्या बायका उठल्या आणि अर्काच्या दुकानांवर चालून गेल्या; पुढच्याच वर्षी त्या सरकारला अर्क बंद करावा लागला. आपल्या गडचिरोलीत १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी झाली. २००८ च्या नियमांनी आडव्या बाटलीचं मतदान आलं. गावातल्या २५ टक्के मतदार बायकांनी मागणी केली की मतदान घ्यावंच लागतं. पण दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी कापूस वेचायला गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला! तरीही बायकांनी गावंच्या गावं जिंकली. हा सगळा आपला अभिमानाचा इतिहास आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट नीट पाहा. आपले मोर्चे गेले ते देशीच्या दुकानावर, हातभट्टीवर, गुत्त्यावर. परमिट रूमवर किती गेले? ज्या ढाब्यावर संध्याकाळी सरकारी आणि निमसरकारी नोकरांच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात, त्या ढाब्यावर गेलेला मोर्चा मला तरी आठवत नाही. मजुराची दारू हा सामाजिक प्रश्न आणि साहेबांची दारू ही त्यांची खाजगी बाब, अशी वाटणी आपणही नकळत मान्य करून टाकली आहे. मजूर पितो म्हणून त्याची बायको आपल्या केंद्रात येते. साहेब 'घेतात', म्हणून त्यांची बायको येत नाही. क्रियापद बदललं की बाईची तक्रारच नाहीशी होते.

याला मराठी माणसाची जुनी समजूतही कारणीभूत आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. सुधाकर नावाचा बुद्धिमान वकील, कोर्टात झालेला अपमान, तळीरामानं पुढे केलेला पहिला प्याला आणि मग घराची धूळधाण. शंभर वर्षं झाली तरी दारू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुधाकरच उभा राहतो. आणि सिंधू! नवऱ्याच्या हातून मार खाऊन मरताना त्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटं बोलणारी सिंधू. प्रेक्षक तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रडले. तिनं काय करायला हवं होतं, असा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडला नाही. पण या नाटकाचा आणखी एक परिणाम झाला, तो गडकऱ्यांच्या मनात नक्कीच नसणार. आपल्याकडे दारूचं मोजमाप सर्वनाशावर होऊ लागलं. नोकरी गेली नाही, जमीन विकली नाही, गटारात पडला नाही, म्हणजे तो सुधाकर नाही; आणि सुधाकर नाही म्हणजे त्याच्या पिण्यात वावगं काही नाही. दारुडा हा लिमिटमध्ये घेणाऱ्याची ढाल झाला आहे. "मी काय त्या अमक्यासारखा आहे का?" हे वाक्य मी इतक्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे की प्रत्येक गल्लीत एक 'अमका' मुद्दाम ठेवलेला असतो की काय, असं वाटू लागलं आहे.

आता या लिमिटचा थोडा हिशेब करू. आपल्याला तो कुणी शिकवत नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात व्यसनाधीनतेचा भाग असतो, पण तिथेही सारा भर व्यसनी माणसावरच. आरोग्यवाले साधारणपणे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचं एक माप धरतात. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये वीस ग्रॅम, म्हणजे दोन मापं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम, म्हणजे सहा मापं. आणि "बिअर म्हणजे काही दारू नाही" असं म्हणत जी घेतली जाते ती ६५० मिलीची स्ट्राँग बिअर? आठ टक्क्यांची असली तर चाळीस ग्रॅम, चार मापं. म्हणजे "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणाऱ्यानं दोन मोठे पेग घेतलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. दारू कर्करोगकारक आहे, हे तर १९८८ पासून शास्त्रज्ञांच्या अधिकृत यादीत आहे. थोडी घेतली तर हृदयाला चांगली, ही गोष्ट डॉक्टरसुद्धा आता पूर्वीसारखी छातीठोकपणे सांगत नाहीत.

तरी मला ग्रॅम-मिलीच्या वादात फार रमायचं नाही. कारण बाईच्या दृष्टीनं लिमिट बाटलीवर मोजता येतच नाही. ते कसं मोजायचं, हे मला आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईनं शिकवलं.

ती घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावची. नवरा कनिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक, घर स्वतःचं, दोन मुलं. केंद्रात आली ती दुसऱ्या कुणाची तरी तक्रार घेऊन, बहिणीची. बहिणीचं बोलून झालं तरी ती उठेना. शेवटी म्हणाली, "ताई, माही काही तक्रार नाही हो. हे काही मारत नाहीत. शिवी नाही. पगार सगळा घरात देतात. फक्त शनिवारी बसतात." मग हळूहळू शनिवार उलगडत गेला.

शनिवारी साडेसातला तीन मित्र येतात. सगळे नोकरदार, सगळे सभ्य. ती दुपारपासून कामाला लागते. शेंगदाणे भाजायचे, अंडी उकडायची, कांदा-टमाटा बारीक चिरायचा, आणि चकणा संपत आला की हाक यायच्या आत दुसरी बशी न्यायची. बर्फ मुलगी नेऊन देते. मुलगी नववीत आहे. अभ्यासाचं टेबल हॉलमध्ये, म्हणून शनिवारी तिनं स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून अभ्यास करायचा. साडेआठपर्यंत बोलणं राजकारणाचं असतं. नवानंतर एक काका मुलीला हाक मारतात. "ये गं, बस जरा, कितवी आली?" काही करत नाहीत. हात धरून बसवतात एवढंच. मुलगी आता शनिवारी सहा वाजताच मैत्रिणीकडे जाते म्हणते. जेवणं अकराला. भांडी साडेअकराला. नंतर नवरा खोलीत येतो तेव्हा तोंडाला वास असतो, आणि तिनं नको म्हटलं तर तो मारत नाही, फक्त दोन दिवस बोलत नाही.

"मी आईले सांगितलं," ती म्हणाली, "तर आई म्हणे, मारतो का? नाही ना? मंग काऊन रडतं?"

या बाईचा नवरा कोणत्याही मापानं दारुडा नाही. आठवड्यातून एकदा तीन पेग. रविवारी सकाळी तो मुलाला पोहायला घेऊन जातो. पण त्या घरात शनिवारी संध्याकाळी चार माणसांची मौज जी उभी राहते, ती एका बाईच्या आठ तासांच्या कामावर आणि एका चौदा वर्षांच्या मुलीच्या घाबरण्यावर. ती नाही म्हणू शकते का? तिनं एकदा सुचवून पाहिलं होतं की बाहेर जाऊन बसा. त्यावर तो म्हणाला, "बाहेर बसणारे दारुडे असतात. मी घरच्या घरी, तुझ्या डोळ्यांसमोर घेतो, हे तुला चांगलं वाटत नाही?" पाहा कसं आहे. घरात घेणं हा तिच्यावर उपकार!

आमच्या केंद्राच्या अर्जात "पती दारू पितो का? होय/नाही" असा रकाना आहे. तिनं तिथे काय लिहावं? 'होय' लिहिलं तर त्याच्यावर अन्याय, 'नाही' लिहिलं तर खोटं. तिनं तो रकाना मोकळा सोडला. माझ्या मते त्या रकान्याच्या जागी वेगळे प्रश्न हवेत. तो घेतो त्या दिवशी घरातलं काम किती वाढतं? त्या दिवशी मुलं कुठे असतात? तू नको म्हटलंस तर काय होतं? तुझ्या आवाजाची पट्टी किती वाजता खाली येते? शेवटचा प्रश्न मी बऱ्याच बायकांना विचारला आहे. एकीलाही समजावून सांगावा लागला नाही.

इथे एक गोष्ट न टाळता सांगितली पाहिजे, कारण दारूवर बोलताना आपण ती सोयीनं विसरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की ज्यांचे नवरे वारंवार पिऊन तर्र होतात, अशा बायकांपैकी ७० टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. हा आकडा आपण भाषणात नेहमी वापरतो. त्याच पाहणीत, ज्यांचे नवरे दारूला स्पर्शही करत नाहीत अशा बायकांतही २३ टक्के जणींनी हिंसा सोसली होती. हा आकडा आपण वापरत नाही. चौघींत जवळजवळ एक! हे नवरे माळकरी असतील, शाकाहारी असतील, त्यांच्या बायोडाटात 'निर्व्यसनी' खरंच लिहिलेलं असेल. तेव्हा बाटली फोडली की मारणारा हातही फुटतो, असं नाही. दारू हाताला धीर देते, निमित्त देते, सकाळी "मला आठवत नाही" म्हणायची सोय देते. हात उगारायचा हक्क त्याला दारूनं दिलेला नसतो. तो त्याला आपण सगळ्यांनी आधीच दिलेला असतो.

म्हणून "दारू सोडली की सगळं ठीक होईल" हे आश्वासन मी केंद्रात कुणालाच देत नाही, आणि "थोडीच घेतो ना, मग चालायचंच" हेही म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा मारहाणीपुरता नाही. मानसिक छळ, अपमान, इच्छेविरुद्धचा शरीरसंबंध हे सगळं त्यात येतं. त्यासाठी नवरा दारुडा असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. संरक्षण अधिकारी जिल्ह्यात नेमलेले आहेत. हे आपल्या बायकांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना वाटतं की हे आपल्यासारख्या घरांसाठी नाही.

आता घराबाहेर येऊ. वर्तमानपत्रवाल्यांनी एक छान शब्द काढला आहे, 'ओली पार्टी'. साहेबांची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, मार्च संपला, बिल निघालं की ओली पार्टी. खर्च बहुतेक वेळा कुणा कंत्राटदाराच्या खिशातून. ऑफिसातल्या बायकांना निमंत्रण असतं का? असतं तर. पुरोगामी जमाना आहे. "मॅडम, तुम्हीही या, तुमच्यासाठी कोल्ड्रिंक आहे." आठ वाजता शहराबाहेर, हायवेवरच्या ढाब्यावर. आता ज्या बाईला सहाला घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे, जिला परतीला एसटी नाही, जिचा नवरा विचारणार आहे की तिथे कोण कोण होतं, ती कशी जाणार? ती जात नाही. मग दुसऱ्या दिवशी "मॅडम मिसळत नाहीत" हा शेरा. गेली तर त्याहून वाईट शेरा.

हे केवळ मौजमजेचं असतं तर मी शाई खर्च केली नसती. पण त्या टेबलावर कामं होतात. कुणाची बदली कुठे, कोणत्या गावाला कोणती योजना, कुणाचा गोपनीय अहवाल कसा, हे नऊ ते अकरामध्ये ठरतं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फक्त सही होते. पंचायतीत तर हे आणखी उघड आहे. महाराष्ट्रात १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ पासून निम्म्या. सरपंच बाई निवडून आली. पण ग्रामपंचायतीचा खरा ठराव जिथे लिहिला जातो, त्या ढाब्याच्या टेबलावर बाईसाठी आरक्षण नाही. तिथे तिचा नवरा बसतो. आमच्या प्रशिक्षणाला आलेल्या एका सरपंच बाईनं हिशेब सांगितला होता: "मासिक सभा अर्ध्या तासात उरकते, कारण सगळे आदल्या रात्रीच बोललेले असतात." तिचे विरोधकही तिथेच बसलेले असतात. बाटलीपुढे पक्षभेद नसतात. भेद उरतो तो बाई-पुरुषाचा.

तेव्हा लिमिटमध्ये घेणाऱ्यांच्या या मैफलींना मी 'सोशल' म्हणायला तयार नाही. गावच्या कारभारातून अर्ध्या समाजाला शिष्टपणे बाहेर ठेवायची ती एक रीत आहे. तिथे कुणी झिंगत नाही, कुणी भांडत नाही, म्हणून तर ती जास्त चालते.

यातच दुसरी एक बाजू आहे. कामाच्या निमित्तानं बाईला जिथे जावं लागतं, ती जागाही कामाचीच जागा, असं लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात म्हटलेलं आहे. प्रशिक्षणाचं रिसॉर्ट, निरोपाचं जेवण, साहेबांबरोबरचा दौरा, त्यासाठी दिलेलं वाहन, हे सगळं त्यात बसतं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पार्टीत कुणी हात लावला आणि सकाळी "साहेब जरा घेतलेल्या अवस्थेत होते, मनावर घेऊ नका" असं सांगायला मध्यस्थ आले, तर त्यांना एवढंच विचारा की घेतलेल्या अवस्थेत साहेबांनी कलेक्टरचा हात धरला असता का? दारूनं शुद्ध जाते म्हणतात. वरिष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण, एवढी शुद्ध मात्र कधी जात नाही.

बाईनं घेतली तर? हा प्रश्न आपल्या शिबिरांत कुजबुजत येतो, म्हणून उघडच बोलू. देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत शंभरातले एकोणीस घेतात आणि बायकांत एखादी. या एकीवर मात्र गावभर चर्चा. आमच्या क्षेत्रातली एक मुलगी पुण्याच्या एका कार्यशाळेत रात्री मैत्रिणींबरोबर अर्धा ग्लास वाइन प्यायली. फोटो जिल्ह्यात तिच्या आधी पोचला. ज्यांनी तो पाहून "संस्कार" शब्द उच्चारला, त्यांतल्या निम्म्यांच्या हातात त्या संध्याकाळी ग्लास होता. दुसरीकडे शहरातल्या काही मैत्रिणी म्हणतात, पुरुष घेतो तर आम्ही का नाही, हीही समानताच. माझं म्हणणं दोन्हीकडे जमत नाही. बाईच्या अर्ध्या ग्लासानं संस्कृती बुडत नाही आणि मुक्तीही येत नाही. तिच्या शरीराला तेवढीच दारू पुरुषापेक्षा जास्त चढते आणि थोड्या दारूनंही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, एवढं तिला कळलेलं असावं. मग ती काय करते हा तिचा प्रश्न. पण अर्ध्या ग्लासाच्या फोटोवरून तिची नोकरी, तिचं लग्न, तिनं केलेल्या तक्रारीचा खरेपणा मोजला जाणार असेल, तर तिथे मी तिच्या बाजूनं उभी राहणार. माळ घातलेल्या बायकांनीही तिच्या बाजूनं उभं राहावं, असं मला वाटतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे, आदिवासी पाड्यांवर हे सगळं वेगळं दिसतं. तिथे मोहाची दारू देवाला चढते, लग्नात लागते, बायका ती गाळतात आणि बायका पितातही. "आमची बाई चोरून पीत नाही" असं तिथल्या एका म्हातारीनं मला ऐकवलं आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी याचं गोड चित्र रंगवणार नाही. पिऊन मारणारे नवरे तिथेही आहेत. पण मोह गाळणारी ती म्हातारी कायद्यानं गुन्हेगार आणि कारखानदार परवानाधारक, हे मात्र खरं. आणि कायद्याचंच म्हणाल तर आपले सभ्य लोकही कुठे धुतल्या तांदळाचे आहेत? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून अजून चालू आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. हजार रुपयांत आयुष्यभराचा मिळतो, विदेशी दारूचा एका दिवसाचा पाच रुपयांत. शनिवारी बसणाऱ्या त्या चार सभ्य गृहस्थांपैकी किती जणांच्या खिशात तो असेल?

सरकारबद्दल थोडंच लिहिते. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. त्यांचा फोटो लावलेल्या मंत्रालयात २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असंही सत्तेतल्यांनी आपल्याला समजावलं. विरोध झाल्यावर तो बारगळला. मग २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचा कर वाढवला, वर्षाला आणखी चौदा हजार कोटी मिळतील म्हणून. बहिणींना महिन्याला दीड हजार द्यायचे तर पैसा हवा, असा संबंध तेव्हा वर्तमानपत्रांनी जोडला. त्याच निर्णयात देशीच्या क्वार्टरची किमान किंमत ८० रुपये ठरली. म्हणजे बहिणीच्या दीड हजारात अठरा क्वार्टर बसतात. दाजींना हा हिशेब शिकवावा लागत नाही.

आणि थोडीशी घेतली तर काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. चालकाच्या रक्तात परवानगीपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्याचा न्यायवैद्यक अहवाल पुढे वर्तमानपत्रांत आला होता. परवानगी आहे शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची. तेवढ्यात माणूस झिंगलेला दिसत नाही. बोलतो सरळ, चालतो सरळ. आपल्या भाषेत लिमिटमध्येच असतो.

तेव्हा करायचं काय? सरसकट दारूबंदीचा वाद मी इथे उकरत नाही. चंद्रपूरची बंदी बायकांनी लढून २०१५ मध्ये आणली आणि सरकारनं २०२१ मध्ये उठवली. त्यातून काय शिकायचं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. लिमिटमध्ये घेणाऱ्यांच्या घरात आणि ऑफिसात बंदी पोचतही नाही. तिथे पोचू शकतो तो बाईचा शब्द, आणि तो एकटीचा असून भागत नाही.

गेल्या दोन वर्षांत मी बचत गटांच्या बैठकीत आणि कर्मचारी महिलांच्या मेळाव्यात एक साधी मागणी मांडते आहे. ऑफिसचा कार्यक्रम दुपारी ठेवा, ऑफिसच्या आवारात ठेवा, आणि त्याचा खर्च वर्गणीतून करा. दारू घेऊ नका असं मी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की पुरुष व्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण देतात. घरीही तसंच. चकणा ज्याला हवा त्यानं तळावा, बर्फ ज्याला हवा त्यानं आणावा, आणि पाहुणा आला तरी मुलीचं टेबल हललं नाही पाहिजे. बायका आधी हसतात. मग एखादी म्हणते, "एवढं तर म्हणता येईल." त्या घाटाखालच्या बाईनंही टेबलाचं तेवढं म्हणून पाहिलं. टेबल आता हॉलमध्ये राहतं, आणि चौघं गच्चीवर बसतात. चकणा अजून तीच नेते. जिना चढून.

एका कार्यालयातल्या बायकांनी मात्र ही मागणी लेखी दिली. सगळ्या मिळून नऊ जणी, सह्यांसकट. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "यात दारूचा उल्लेख कुठेच नाही." "नाहीच," त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "आम्ही वेळेबद्दल लिहिलं आहे." यंदाचा निवृत्तीचा निरोप दुपारी दीडला झाला. नऊपैकी आठ आल्या, एकीचं मूल आजारी होतं. पुरुष रात्री पुन्हा वेगळे बसलेच. पण रिकाम्या होणाऱ्या टेबलाचा चार्ज कुणाकडे द्यायचा, ते बोलणं दुपारीच झालं, वरण-भात वाढता वाढता, आणि तो चार्ज त्या आठ जणींपैकी एकीकडे गेला.